पहिले दोन दिवस पर्स उघडायची नाही : नव्या बुटीकवालीची मुंबई वारी

बुटीक काढायचं ठरलं, मशीन आलं, पाटी रंगवून झाली, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "एकदा मुंबईला जाऊन माल बघून येते." मीही अशीच गेले होते, कराडहून, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. सकाळी उतरले, आंघोळ-नाश्ता उरकून थेट घाऊक बाजार गाठला आणि दुपारी दोनच्या आत जवळचे सगळे पैसे संपवले. आणलेल्या गाठोड्यात घेरदार बाह्यांचे चाळीस टॉप होते. दुकानदार म्हणाला होता, "बेन, अभी यही चल रहा है." तो खोटं बोलला नव्हता, चालतच होतं. पण मुंबईत ते उतरणीला लागलं होतं, आणि आमच्याकडे स्कूटीवरून पोरांना शाळेत सोडून येऊन भाकरी थापायला बसणाऱ्या बाईला त्या बाह्या म्हणजे कटकट होती. त्यातले अकरा टॉप मी शेवटी बाह्या कापून, पायपिन लावून विकले.

त्या चाळीस टॉपनंतर मी जी पद्धत बसवली ती इथे लिहितेय. तीन दिवस लागतात. दोन दिवस नुसतं बघायचं, तिसऱ्या दिवशी घ्यायचं. गुरुवारी सकाळी पोहोचायचं आणि शनिवारी रात्रीच्या गाडीनं परतायचं, कारण कापडाचे मोठे घाऊक बाजार रविवारी बंद असतात. राहायची सोय काय करायची हे सातारा-कराडकडच्या माणसाला सांगायला नको. आपलं कुणी ना कुणी मुंबईत असतंच. फक्त ते डोंबिवलीला असेल तर रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जाणार हे धरून चाला. माझ्या मते ते वाया जात नाहीत. का, ते पुढे येईल.

निघण्याआधी

आधी आपली वही उघडा. मागच्या तीन महिन्यांत ज्यांनी दोनदा-तीनदा काही शिवून घेतलं अशा वीस बायका निवडा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा : वय, छातीचं माप, कपडा कशासाठी घेतला (शाळेत शिकवायला, बँकेत, लग्नाला, नुसता फिरायला) आणि कुठल्या किमतीपर्यंत ती "घरी विचारून सांगते" न म्हणता पैसे काढते. हा शेवटचा आकडा म्हणजे तुमची लक्ष्मणरेषा. माझ्या वीसजणींत बाराजणी एक्सेल आणि त्याच्या पुढच्या निघाल्या होत्या, आणि मी तोवर एम-एल-एक्सेलचे सेट आणत होते.

पिशवीत मापाची टेप, छोटी वही, दोन पेनं, सुट्टे पैसे, पाण्याची बाटली आणि घडी करून एक मोठी रिकामी बॅग. शिवाय एक वस्तू जी नवख्या बायका नेत नाहीत : आपल्याकडच्या शिल्लक कापडांचे दोन-दोन बोटांचे तुकडे, एका सेफ्टी पिनमध्ये ओवलेले. घरी पडलेल्या मोरपंखी कापडाला मॅचिंग लेस घ्यायची तर मोरपंखी रंग डोक्यात ठेवून चालत नाही, तो हातात लागतो. पायात जुनी, रुळलेली चप्पल. नवी चप्पल घालून भुलेश्वर फिरणारी बाई दुपारनंतर कपडे बघत नाही, बसायला जागा बघते.

कधी जायचं? गणपती-दिवाळीचा माल हवा तर गणपतीच्या महिना-दीड महिना आधी. पण तो पावसाचा काळ, आणि घाऊक ड्रेस मटेरियलचं हिंदमाता नेमकं पाणी तुंबण्यासाठी अख्ख्या महाराष्ट्राला टीव्हीवरून पाठ झालेलं. अंदाज बघूनच तिकीट काढा. नुसतं बघायला जायचं असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात उत्तम. तेव्हा दक्षिण मुंबईत नऊ दिवसांचा काळा घोडा कला महोत्सव असतो, १९९९ पासून चालत आलेला. तिथे येणारी गर्दी सजून येते आणि बघून घ्या म्हणूनच येते. आपल्याला आणखी काय हवं?

पहिला दिवस : बायकांचा डबा

कपड्यातली नवी गोष्ट दुकानाच्या काचेत दिसते तेव्हा ती दुकानदाराची आशा असते. अंगावर दिसते तेव्हा कुणीतरी स्वतःचे पैसे मोजलेले असतात. म्हणून पहिला बाजार लोकलमधला बायकांचा डबा. पश्चिम रेल्वेनं १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी अख्खी लेडीज स्पेशल सुरू केली, पण आपल्याला साधा लेडीज डबाही पुरतो. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपयांपासून आहे. एवढ्या पैशात इतकी मोठी कपड्यांची प्रदर्शनी दुसरीकडे नाही.

सकाळी नऊ-दहाच्या चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत चढू नका, तिथे बघायला मान वळत नाही. अकरानंतरची दादरहून बोरिवलीकडे जाणारी स्लो गाडी घ्या, दारापासून आत, खिडकीजवळ बसा. थोड्या वेळानं कानातली विकणारी मावशी येईल, प्लास्टिकच्या शीटवर जोड्या टाचलेल्या. तिच्याकडे नीट बघा. तिला रोज संध्याकाळी हिशेब लागतो, न खपणारा माल ती आठवडाभर खांद्यावर वागवणार नाही. तिच्या शीटवर ऑक्सिडाइज्डच्या किती जोड्या, मोत्याच्या किती, कापडी किती, हे मोजलंत की दागिन्यांचा अंदाज आलाच. दोन दिवस पर्स उघडायची नाही या नियमाला एवढाच अपवाद : मावशीकडून एक जोडी घ्या आणि विचारा, "मावशी, सगळ्यात आधी काय संपतं?"

मग परतीच्या गाडीनं दादरला उतरून जिन्याच्या कडेला, कुणाच्या पायात येणार नाही असं उभं राहा आणि मोजा. शंभर बायका. वहीत आधीच रकाने आखलेले असू द्या : साडी, कुर्ता-लेगिंग, कुर्ता आणि सरळ पँट, को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे टॉप-पँट), जीन्स, वन पीस. एकेक रेघ ओढत जायचं. शंभर व्हायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. मग दुसरं शतक, आता फक्त बाह्या आणि गळे. तिसरं शतक, फक्त पाय : पँटची मोहरी कुठे संपते आणि खाली चप्पल कुठली. मोहरी रुंद झाली की कुर्त्याची उंची बदलते, उंची बदलली की कापड किती लागतं ते बदलतं, आणि तिथे आपला नफा बदलतो. हे मोजताना वेड्यासारखं वाटतं. मुंबईत मात्र तुमच्याकडे कुणी बघत नाही, ती चिंता सोडा.

अनोळखी बाईचा फोटो काढू नका. चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. आणि खूपच आवडलं तर सरळ विचारा, "ताई, कुर्ता छान आहे, कुठून घेतला?" मुंबईची बाई पुढचं स्टेशन यायच्या आत दुकान, किंमत, किती कमी करून घेतला आणि धुतल्यावर रंग जातो का, हे सगळं सांगून उतरते. दुकानदार यातलं शेवटचं कधीच सांगत नाही.

दुपारी एखाद्या कॉलेजच्या गेटसमोर. माटुंग्याला रुईया-पोदार, पार्ल्याला मिठीबाई, चर्चगेटला के.सी. इथे मजा येते, पण इथलं सगळं वहीत उतरवायची घाई नको. या मुली जे घालतात त्यातलं बरंच परीक्षा संपेपर्यंत शिळं होतं. मी फक्त दोन गोष्टी टिपते : रंग, आणि आईच्या किंवा आजीच्या कपाटातून काय उचललंय. जुनी साडी कापून शिवलेला कुर्ता, आजीचा खण, भावाचा शर्ट. असं उचललेलं बरेचदा टिकतं, कारण ते कुणी विकलेलं नसतं.

संध्याकाळी दक्षिण मुंबई. हॉर्निमन सर्कलला जुन्या बँकेच्या इमारतीत सब्यसाचीचं भलंमोठं दुकान २०२३ मध्ये उघडलंय, आणि काळा घोड्याच्या गल्ल्यांत लहान-मोठी डिझायनर दुकानं आहेत. आत जायला पैसे पडत नाहीत. दरवानाला बघून पाय अडखळतात हे खरं. माझे पहिल्यांदा अडखळले, मी फुटपाथवर दोन चकरा मारल्या. नीटनेटकी साडी नेसून जा, नमस्कार करा, "फक्त बघतेय" म्हणा. फोटो काढायचे नाहीत. प्रिंट आणि भरतकामाची नक्कल करायचीच नाही, ते दुसऱ्याचं काम आहे. बघायचं ते हे : आतलं अस्तर कसं लावलंय, शिवणीत किती कापड सोडलंय, काठ कुठे बसवलाय, दोन न जुळणारे रंग शेजारी ठेवायचं धाडस कसं पेललंय. फिनिशिंग शिकायला याहून चांगली शाळा फुकटात मिळत नाही.

तिथून कुलाबा कॉजवे. कागदोपत्री शहीद भगतसिंग मार्ग. हा रस्ता म्हणजे कुलाबा बेट जोडायला १८३८ मध्ये बांधलेला बांध. रेंगाळायला छान, पण इथे सावध राहा. इथला बराच माल पर्यटकांसाठी असतो : सैल सुती पँट, मोठाले हार, आरशांच्या पिशव्या. विकतात भरपूर, पण घेणारा दोन दिवसांनी विमानात बसतो. आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर वेगळा हिशेब. एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे निर्यातीतून उरलेला माल, म्हणून जे टांगलेलं असतं त्याचं कापलेलं लेबल, शिवण आणि काजं तपासून बघा. खरा सरप्लस माल असला तर शिवणीतच कळतो. आणि उल्हासनगरच्या जीन्सवरचा 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मुंबईकर अजून हसत सांगतात. तुम्हीही हसा, पण उल्हासनगरची शिलाई बघून हसा. तिथले कारागीर काही कमी नाहीत.

दुसरा दिवस : एकच कट तीन ठिकाणी

लोअर परळचा पॅलेडियम मॉल सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, अर्धा-पाऊण तास पुरतो. हा मॉल फिनिक्स मिलच्या जागेवर उभा आहे. १९०५ मध्ये सुरू झालेली गिरणी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. आमच्या गावातही अशी घरं आहेत. जिथे कापड निघायचं तिथे आता कापड टांगतात. तिथल्या सरकत्या जिन्यावर मला दर वेळी जरा चमत्कारिक वाटतं.

असो. मॉलमध्ये नवखी माणसं दर्शनी पुतळ्यांसमोर थांबतात. तुम्ही सरळ मागे जा, जिथे सेलचा रॅक असतो. तिथे ढिगानं काय पडलंय ते लिहा. एखादा रंग सगळ्या साइजमध्ये उरलाय म्हणजे तो लोकांनी नाकारला. एखाद्या कुर्त्याचे फक्त एक्सएस उरलेत म्हणजे तो धावला. पुतळ्याच्या अंगावरचं म्हणजे अंदाज, सेलचा रॅक म्हणजे निकाल. माझ्या त्या घेरदार बाह्या त्या वर्षी सेलच्या रॅकवर नक्की असणार, मी फक्त तिकडे गेले नव्हते.

मग वांद्रे. हिल रोड, तिथून चालत किंवा रिक्षानं लिंकिंग रोड. इथला खेळ असा की कालच्या काळा घोड्यातला कट आज पदपथावर दिसतो का ते बघायचं. कापड हलकं झालेलं असेल, भरतकामाच्या जागी छापील नक्षी आली असेल, पण गळा तोच, खिसा तोच. दिसला तर वहीत त्याच्यापुढे खूण करा. एल्को आर्केडबाहेर पाणीपुरी खा, ती खाताना आजूबाजूला काय दिसतं तेही कामच.

दुपारी परत दादर. पश्चिमेला रानडे रोड, पूर्वेला हिंदमाता. इथे तिसरी खूण. डिझायनरकडे, लिंकिंग रोडला आणि हिंदमात्याला अशा तिन्ही ठिकाणी दिसलेली गोष्ट शिखरावर आहे. ती कमी प्रमाणात घ्या, लवकर विका. पहिल्या दोन ठिकाणी दिसली पण हिंदमात्याला अजून नाही, ती खरी आपली. माझ्या अनुभवात तिला आमच्याकडे पोहोचायला साधारण एक सणाचा हंगाम लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याला शिवायला मिळतो. आणि जी फक्त हिंदमात्याला ढिगानं दिसते, जिचे भावही पडलेत, तिथे हात मागे.

रानडे रोडला गेलात की खणाकडे जरा थांबा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा चोळीचा खण. आमच्या आज्यांच्या ट्रंकेत ओटीत आलेले असे डझनभर खण पडून असायचे, देवीला चढवायचे नाहीतर पुढच्या ओटीत घालायचे. शहरातल्या पोरींनी त्याची साडी केली, ड्रेस केले, पर्सा केल्या, कानातली केली, आणि मग आम्ही गावाकडच्या बायका तोच खण दादरहून विकत आणायला लागलो. तेव्हा मुंबईला निघण्याआधी आपल्याच घरची ट्रंक एकदा उपसा. हे मी गमतीनं म्हणत नाही. मागच्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेतला एक काठ बघून मी तसा विणवून घेतला.

जेवायला दादरसारखी जागा नाही : प्रकाशकडचा साबुदाणा वडा आणि पियुष, नाहीतर आस्वादची मिसळ. आणि एक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही : स्वच्छतागृह. मॉलमध्ये, जेवायच्या हॉटेलात मिळालं की जाऊन घ्यायचं, लागायची वाट बघायची नाही. काळबादेवी-भुलेश्वरात बाईची फार पंचाईत होते आणि पाणी न पिता दिवस काढला की संध्याकाळी डोकं चढतं, मग भाव चुकतो.

रात्री वही घेऊन बसा. दोन दिवसांच्या खुणांपुढे आता त्या वीस बायका उभ्या करा. हे कोण घालेल? नाव सुचत नसेल तर काट. तीस-पस्तीस नोंदींमधून पाच-सहा उरतात. तेवढ्याच घेऊन उद्या बाजारात जायचं.

तिसरा दिवस : आता पर्स उघडा

सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा, बॅगेला कुलूप हवं. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केट, ज्याचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि त्याच्या पलीकडे मंगळदास. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत गेलीय आणि तिला काळबादेवी स्टेशन आहे, वांद्र्याकडून येणारीनं तिथेच उतरावं. भाडं दहा ते सत्तर रुपये.

पण कापडाआधी भुलेश्वरला जा. लेस, गोंडे, लटकन, बटणं, मोती, आरशांचे टिकले, सगळं तिथल्या गल्ल्यांत. मी लेसवाल्याला माझा गुरू मानते. कापडवाला स्वतःचं कापड खपवतो. लेसवाल्याकडे नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतचे बुटीकवाले येतात, कुणी काय शिवायला घेतलंय ते त्याला बारशाआधी माहीत असतं. "नवीन काय आलंय" असं विचारू नका, तो पन्नास गुंडाळ्या सोडेल. "कुठली लेस संपलीय, परत मागवलीय?" असं विचारा. तो ज्या रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवेल ते सोनं. त्या लेसची रुंदी आणि रंग बघितलात की दोन महिन्यांनी कुर्त्यांचा काठ कसा असेल ते कळतं.

मग मंगळदास. छपराखालच्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानदार गादीवर बसलेले, "आवो बेन, बैठो." इथे मीटरवर कापड मिळतं, दोन-अडीच मीटरही देतात, म्हणून नवख्यांनी सुरुवात इथे करावी. शेजारचं मुळजी जेठा मार्केट थानाचं, म्हणजे अख्खी गुंडाळी घ्यायची. कुठलं कापड लागतं याची खात्री झाली की तिथे. पहिल्या वारीत मी तरी तिथे फक्त भाव विचारून या म्हणेन.

घेताना : ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, तुकडा घेऊन उजेडात या. चिमटीत चुरगाळून पाच आकडे मोजा, सोडा, चुण्या बघा. ओल्या रुमालानं घासून रंग उतरतो का बघा. पन्ह्याची रुंदी स्वतःच्या टेपनं मोजा. चव्वेचाळीस इंच सांगितलेला पन्हा बेचाळीस निघाला की कुर्त्याचा घेर बसत नाही. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला भवानीचा भाव मिळतो हे बहुतेक खरं, पण भवानीच्या वेळी भाव पाडून मग न घेता उठणं वाईट. घ्यायचं असेल तरच बोला. घासाघीस करताना मी किंमत पाडायला जात नाही, "पुढच्या महिन्यात परत येणार आहे, नंबर द्या" म्हणते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा भाव त्यातून निघतो.

बिल पक्कं घ्या. सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना नगाला २,५०० रुपयांपर्यंत जीएसटी ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के आहे. तुमची लक्ष्मणरेषा अडीच हजाराच्या आसपास असेल तर हा फरक गिऱ्हाईक भरणार नाही, तुम्हाला भरावा लागेल. तयार माल घेताना सेटमधली साइज फोडून देतात का हे आधी विचारा. बहुतेक घाऊकवाले देत नाहीत, मग ज्यांचा सेट एलपासून सुरू होतो असा दुकानदार शोधा. सापडतो.

गाठोडं जड झालं तर पार्सलची पावती आणि वाहतूकवाल्याचा नंबर स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. दुकानदाराच्या भरवशावर माझं एक पार्सल नऊ दिवस पुण्यात झोपून होतं, आणि ते राखीपौर्णिमेचं होतं.

परत आल्यावर

सगळं एकदम टांगू नका. प्रत्येक गोष्टीचे पाच नग शिवा, त्यातला एक स्वतः घालून बाजारात, हळदीकुंकवाला, शाळेच्या मीटिंगला जा. "हे कुठनं आणलं गं?" असं किती जणी विचारतात ते मोजा. विचारणं वेगळं आणि "मला असं शिवून दे" म्हणणं वेगळं, दोन्हींचे वेगळे रकाने. आमच्याकडे एक आत्याबाई येतात, कापड हातात घेऊन हमखास म्हणतात, "आपल्याकडं चालंल का हे?" त्या असं म्हणाल्या आणि तरी कापड खाली ठेवलं नाही, तर मी मंगळदासला फोन करून आणखी वीस मीटर सांगते.